सात मऊ, सात कडक

ठराव एकमतानं झाला होता. टायसेनांच्या घरात एकमतानं ठरलेली गोष्ट कधीही घडत नाही, एवढं शहाणपण सिग्नेला लग्नाच्या चौथ्या वर्षीही आलेलं नव्हतं.

मागच्या रविवारी सगळ्यांनी रीतसर हात वर केले होते. तिचा सासरा अस्मुस याच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून तीन आठवडे होतात न होतात तोच त्याचा सत्तरावा वाढदिवस येत होता. तेव्हा यंदा कॉफीचं टेबल साधं. पाव, फळं, फार तर दोन केक. सात मऊ आणि सात कडक असे चौदा प्रकार मांडल्याशिवाय दक्षिण जटलंडात वाढदिवस झाला असं कुणी म्हणत नाही. पण माणूस आधी, थाट मागून. हात वर करताना सासूच्या, बोदिलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आतेसासू इंगेबोर्गनं तर दोन्ही हात वर केले होते. "माझा एकुलता एक धाकटा भाऊ," ती म्हणाली होती. "साय काय, साय आम्ही कुठंही खाऊ."

आणि आज, ऐन वाढदिवसाच्या दुपारी, हीच इंगेबोर्ग अस्मुसच्या दारात उभी होती. हातात टोपीच्या खोक्याएवढं खोकं, त्यावर आणखी एक.

"हे काय?" सिग्नेनं विचारलं. तिच्या कडेवर आठ महिन्यांची आल्मा होती आणि दुसऱ्या हातात तिनं स्वतः भाजलेला केक. ओट्सचा, सफरचंद किसून घातलेला, बिनलोण्याचा, बिनसाखरेचा.

"काळ्या पावाचा केक. डॉक्टरच सांगतात ना, काळा पाव खा म्हणून?"

"पण वर साय दिसतेय."

"साय नसती तर केक म्हणून ओळखला कुणी असता? आणि बाकी कुणी काही आणणारच नाहीये. माझा एक असला तर आभाळ कोसळतंय का?"

"दोन आहेत, इंगेबोर्ग."

"दुसरा अगदी लहान आहे. त्याला मोजू नकोस."

तिच्या मागोमाग नणंद मेरेते आली. बाकी कुणी काही आणणार नाही या भरवशावर तिनंही मऊ बदामी केक केला होता, शिवाय पिळाच्या कडक तळण्यांचा डबा भरला होता. "तेल उत्तमातलं वापरलंय," तिनं सिग्नेनं न विचारताच सांगितलं. मग गाडीतून ट्रोल्स उतरला. ट्रोल्स म्हणजे सिग्नेचा स्वतःचा नवरा. सकाळी तिच्यासमोर गाजर कुरतडत बसलेला हा माणूस आता बदामाच्या हिरव्या लगद्यानं मढवलेला, आत साय कोंबलेला भला थोरला केक दोन्ही हातांनी तोलत येत होता.

"ट्रोल्स!"

"आईला वाईट वाटू नये म्हणून," तो म्हणाला आणि बायकोच्या नजरेला नजर न देता आत सटकला.

आईला वाईट वाटायला आईला सवड कुठं होती? स्वयंपाकघरात बोदिलची भट्टी सकाळपासून पेटलेली होती. दोन मऊ केक ओट्यावर निवत होते आणि कपाटावरून बिस्किटांचे सहा डबे उतरले होते. "कडक प्रकार मी आधीच करून ठेवले होते," ती अपराधी आवाजात म्हणाली. "टाकून का द्यायचे, सिग्ने? अन्न आहे ते."

इंगेबोर्ग टेबलाशी उभी राहून बोटानं मोजत होती. कडक सात. मऊ सहा. ती थबकली. बोट हवेत तसंच राहिलं, मग हळूहळू सिग्नेच्या हातातल्या ताटलीकडे वळलं.

"सात!" तिनं टाळी वाजवली. "बघा, पोरीनं लाज राखली. चौदाच्या चौदा झाले!"

ठरावाची राखणदार म्हणून आलेली सिग्ने अशी चोरांच्या टोळीतली सातवी ठरली.

या घरात तिला इंगेबोर्ग 'आमची अग्निशमन गाडी' म्हणायची. धूर दिसायच्या आधीच घंटा वाजवत येते म्हणून. आल्माच्या अंगाला पाणी सोसेल का, खिडकीतून वारा येतो का, द्राक्ष अर्धं कापलं का चार भाग केले. सिग्नेचं मन घड्याळासारखं टिकटिक करत असायचं. अस्मुसच्या दुखण्यानंतर त्या घड्याळाला दुसरा काटा लागला होता. इस्पितळातून सोडताना सांगितलेलं तिनं एकटीनंच मन लावून ऐकलं होतं. बाकीच्यांनी ऐकलं ते एवढंच, की सोडलं.

सगळे टेबलाभोवती बसले. मधोमध कागदी निशाणं, त्यांच्याभोवती चौदा पक्वान्नं, आणि टेबलाच्या टोकाला अस्मुस. चाळीस वर्षं त्यानं गावातल्या नळ्या बसवल्या, मोऱ्या मोकळ्या केल्या. गावातल्या प्रत्येक घराची खरी हालहवाल त्याला मोरीतून ठाऊक होती. आज त्याला सकाळी अंगणातलं निशाणसुद्धा चढवू दिलं नव्हतं. दोरी ओढल्यानं छातीवर ताण येईल, म्हणून बोदिलनं ट्रोल्सला लावलं. ट्रोल्सनं ते अर्ध्या काठीवरच अडकवलं. अस्मुस खिडकीतून बघत राहिला. आताही तो नुसता हसत होता, दोन वकिलांमध्ये बसलेल्या न्यायाधीशासारखा. हनुवटीवर कागदाचा चिमुकला तुकडा चिकटलेला होता. दाढी करताना कापलं असणार. विजेचं यंत्र आणून दिलं तरी तो बापाच्या वस्तऱ्यानंच दाढी करायचा.

आता रीत अशी, की आधी पाव, मग मऊ, मग कडक, आणि टेबलावरचं काहीही चाखल्याशिवाय सोडायचं नाही. केक सोडला म्हणजे करणारीला सोडलं. अस्मुसच्या एका काकानं कुठल्याशा वर्षी चुलतबहिणीचा केक सोडला होता. ती त्याच्या प्रेतयात्रेलाही आली नाही.

"काहीतरी गाळावं लागेल," मेरेते म्हणाली. "साय तर त्याला विष आहे. म्हणजे आत्याचे दोन्ही गेले."

"आणि तळलेलं अमृत?" इंगेबोर्ग म्हणाली. "तुझ्या तळण्या ठेवल्या होत्या त्या कागदातून पलीकडचं दिसतंय, बघ."

"तेल हृदयाला चांगलं असतं!"

"मग त्याला बाटलीच दे. चावायचे कष्ट वाचतील."

"माझी बिस्किटं तर साधी आहेत," बोदिल मध्ये पडली. "त्यात फक्त लोणी आहे."

"फक्त!" ट्रोल्स हसला. तेच त्याला भोवलं.

"तू हसू नकोस," मेरेते म्हणाली. "तुझा केक कुठल्या भट्टीतला आहे ते सांग आधी."

इंगेबोर्गनं चष्मा लावला, वाकली, आणि हिरव्या लगद्याची कड नखानं उचलून पाहिली. "विकतचा," ती हळू आवाजात म्हणाली.

चाळीस वर्षांत हवामानावरही एकमत न झालेल्या बोदिल आणि इंगेबोर्ग, या नणंद-भावजयांनी एकमेकींकडे पाहिलं आणि क्षणात तह झाला. हृदयाला बाकी काही चालेल न चालेल, विकतचं चालणार नाही. ट्रोल्सचा केक त्यांनी दोघींनी मिळून उचलला आणि खिडकीत ठेवला, शाळेतल्या वांड पोरासारखा.

"मग सिग्नेचा ठेवायचा ना?" मेरेतेनं ओट्सच्या केककडे पाहत विचारलं. "तो काय... हा केकच आहे ना?"

"तुम्ही उगाच भांडताय," अस्मुस म्हणाला. "मी सगळ्यातलं सगळं खाणार. नवी नळी बसवलीये. आतून लख्ख आहे."

सिग्ने आता बोलणार होती. लोण्यावर, सायीवर, रक्तातल्या चरबीवर तिच्याकडे चांगली पाच मिनिटांची सामग्री तयार होती. तोंड उघडताना तिची नजर अस्मुसच्या हनुवटीवर गेली आणि शब्द तिथंच विरले.

कागद पांढरा होता.

घरी आल्यापासून अस्मुसला नुसतं ओरखडलं तरी अर्धा तास रक्त थांबत नव्हतं. इस्पितळात सांगितलंच होतं, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत, असं होणारच. दोन आठवड्यांपूर्वी अशाच एका कापण्यावर तीन कागद भिजले होते आणि आल्माच्या लाळेऱ्यावर थेंब पडला होता. त्याचे हातही निळ्या डागांनी भरलेले असायचे. आता ते डाग पिवळे पडून विरत चालले होते. नवा एकही नव्हता. आणि हनुवटीवरच्या कागदाला मधोमध जेमतेम मोहरीएवढा, वाळलेला ठिपका.

सगळं घर त्याच्या ताटलीकडे डोळे लावून बसलं होतं. हनुवटीकडे कुणीच बघत नव्हतं.

"अस्मुस," ती उठली. "आल्मा किरकिर करतेय. तिला तुझे पान्हे दाखव ना जरा."

आल्मा किरकिर करत नव्हती. ती इंगेबोर्गच्या खोक्याची दोरी चोखत होती. पण पान्हे म्हटल्यावर अस्मुस उठलाच.

परसातल्या शेडमध्ये भिंतभर पान्हे टांगलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, एखाद्या घराण्याच्या तसबिरींसारखे. सिग्नेनं दार लोटून घेतलं.

"कधीपासून बंद केल्यास?"

"काय?"

"गोळ्या."

त्यानं एक पान्हा उतरवला, आल्माला दाखवला, परत टांगला. मग फळीवरचा वायसरांचा पत्र्याचा डबा काढून तिच्यापुढे धरला. काळ्या रबरी चकत्यांच्या मध्ये गोळ्या पडल्या होत्या. बोदिल रोज सकाळी उकडलेलं अंडं ठेवायच्या चिमुकल्या वाटीत त्याच्यासाठी गोळ्या काढून ठेवायची. तो त्या मुठीत घ्यायचा, पाणी प्यायचा, आणि शेडमध्ये यायचा.

"सोमवारपासून," तो म्हणाला. "आता हे बघ, सिग्ने. मी चाळीस वर्षं नळ्या बसवल्या. जोड नीट जमला, पाणी वाहतं झालं, की काम संपलं. एकाही घरमालकाला मी सांगितलेलं नाही, की बाबा रे, आता वर्षभर रोज सकाळी नळीला गोळी देत जा."

सिग्नेला हसू आलं. ती पालथ्या बादलीवर बसली.

"नवा जोड केलास की त्याच घटकेला पाण्याचा पूर्ण दाब सोडतोस?"

"वेडी का काय? आधी तो धरायला हवा."

"मग तुझा अजून धरलेला नाही. आत उघडी जाळी आहे, तिच्यावर आतून कातडं चढायला महिने लागतात. मोरीतल्या उघड्या जाळीला काय होतं?"

"अडकतं," अस्मुस म्हणाला. "केस. साबण. काय वाट्टेल ते."

"इथं रक्ताची गुठळी अडकते. गोळ्या आहेत त्या तेवढ्यासाठी. मोरी तुंबली तर बोदिल तुला हाक मारते. हे तुंबलं तर ती कुणाला हाक मारणार?"

अस्मुसनं डबा फळीवर ठेवला. बराच वेळ तो आल्माच्या चिमुकल्या मोज्याशी चाळा करत राहिला.

"घोळणा फुटला होता माझा," तो शेवटी म्हणाला. "रविवारी, झोपेत. उशी लाल झाली. बोदिल ओरडली नाही गं. ओरडली असती तर बरं होतं. अभ्रा गार पाण्यात भिजत घातला आणि तशीच मोरीत उभी राहिली. त्या आधीही ती झोपत नव्हतीच. मधूनच उठते, दिवा लावते, माझ्या नाकाखाली बोट धरते. मी डोळे मिटून पडून राहतो."

आल्माच्या नाकाखाली ती स्वतः रोज बोट धरायची.

"म्हटलं, रक्त दिसलं नाही तर तिला झोप लागेल. आणि लागली! गेल्या दोन रात्री अशी घोरतेय, की मला जाग येते."

"आपण आत्ता डॉक्टरांना फोन करतोय," सिग्ने म्हणाली.

फोनवर आधी बराच वेळ बासरी वाजली. रांगेत त्यांच्यापुढे नऊजण होते. "एवढ्या वेळात मी दोन संडास बसवले असते," अस्मुस म्हणाला. मग एका बाईंचा थकलेला, शांत आवाज आला. सिग्नेनं सगळं सांगितलं. बाईंनी छातीत दुखतंय का, धाप लागतेय का, घाम येतोय का, असं एकेक विचारून घेतलं. नाही, काही नाही. मग म्हणाल्या, आजच्या गोळ्या आत्ता घ्यायच्या. बुडालेल्या भरून काढायला आपल्या मनानं जास्त घ्यायच्या नाहीत, ते आम्ही ठरवू. तासाभरात इकडे घेऊन या, तपासून बघू. मधल्या वेळात छातीत जरा जरी कळ आली तरी स्वतःची गाडी काढायची नाही, रुग्णवाहिका बोलवायची. आणि घोळणा फुटतो ते आम्हाला सांगायला हवं होतं. त्यावर उपाय असतात, गरज पडली तर गोळी बदलता येते. "पण मनानं बंद करायची नाही. त्यांना माझ्यासमोर सांगा."

"ऐकू येतंय," अस्मुस म्हणाला आणि त्यानं फोन सिग्नेच्या हातातून काढून घेतला. "आणि केक?"

"केकचं काय?"

"खाऊ का?"

"किती आहेत?"

"चौदा. एक खिडकीत ठेवलाय, म्हणजे तेरा."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला. "दक्षिण जटलंड?"

"हो."

"माझी आजी तिकडचीच," बाई म्हणाल्या. आवाजातला थकवा थोडा उतरला होता. "प्रत्येकाचा एक घास. साय बाजूला काढून. आजचा एकच दिवस. आणि गोळ्या आधी."

फोन ठेवल्यावर अस्मुसनं आशेनं सुनेकडे पाहिलं. "बोदिलला तू सांगतेस?"

"नाही."

"मग कुणालाच नको सांगायला. घेतो ना मी आता. इंगेबोर्गला कळलं तर ती मला मरेपर्यंत ऐकवेल."

"ऐकायला तू असावास, एवढंच मला हवंय," सिग्ने म्हणाली.

ते आत आले तेव्हा टेबलावर तळण्या विरुद्ध साय हा खटला पुन्हा उभा राहिला होता. अस्मुस आपल्या जागेशी गेला, पण बसला नाही. चमचा उचलून त्यानं कपावर तीनदा वाजवला. भाषण! सगळ्यांचे चेहरे उजळले. अस्मुसनं उभ्या आयुष्यात भाषण केलं नव्हतं. ट्रोल्स तर हुर्रे म्हणायला अर्धा उठलाही.

अस्मुसनं पत्र्याचा डबा स्वच्छ पांढऱ्या टेबलक्लॉथवर उपडा केला. वायसर घरंगळले. एक इंगेबोर्गच्या बशीशी जाऊन पडला. त्यानं आजच्या गोळ्या निवडून घेतल्या, शर्टाला पुसल्या, सगळ्यांच्या देखत तोंडात टाकल्या आणि वर कॉफीचा घोट घेतला.

"या सोमवारपासून मी घेत नव्हतो," तो म्हणाला. "बोदिलला रक्त बघवत नाही म्हणून. झालं भाषण."

"गाढवा!" इंगेबोर्ग म्हणाली. सत्तर वर्षांची माया आणि राग त्या एका शब्दात मावला.

मेरेते रडायला लागली. ट्रोल्स उभाच राहिला. बोदिलनं मात्र एकेक वायसर वेचून डब्यात टाकला आणि शेवटचा टाकून झाल्यावर मान वर केली.

"मी रोज वाटीत गोळ्या काढत होते."

"हो."

"आणि तू मला रिकामी वाटी दाखवत होतास."

"हो. तुला झोप लागावी म्हणून."

"विधवा बाई ढाराढूर झोपते, असं कुणी सांगितलं तुला?"

अस्मुसनं खाली पाहिलं. बोदिलचा आवाज चढला नव्हता, पण खिडकीतल्या विकतच्या केकनंही अंग चोरलं असतं.

"मला रक्त दिसेल, मी घाबरेन. घाबरू दे. चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय, तेवढा हक्क माझा आहे. पण बघायचं ते मी बघणार. तू माझ्यापासून लपवायचं नाही." मग ती सिग्नेकडे वळली. "तुला कसं कळलं?"

"कागद पांढरा होता," सिग्ने म्हणाली आणि आपल्याच हनुवटीला हात लावला.

इंगेबोर्गनं सुरी उचलली, हात लांब करून ओट्सचा केक जवळ ओढला आणि पहिला तुकडा कापून स्वतःच्या बशीत घेतला. "अग्निशमन गाडीला आधी वाट द्यायची असते," ती म्हणाली. घास घेतला. चावला. आणखी चावला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पौष्टिक आहे," शेवटी ती म्हणाली आणि कॉफीचा पूर्ण कप रिकामा केला.

अस्मुसनंही घास घेतला. "हे जरा जास्तीचं करून ठेव, सिग्ने. फटी बुजवायला कामाला येईल."

पहिली हसली ती सिग्नेच. बोदिलनं डोळे पुसले आणि त्या केकचा दुसरा, जाडजूड तुकडा नवऱ्याच्या बशीत वाढला. बाकी सगळ्यांचा एकेक घास, हा मात्र पूर्ण. शिक्षा म्हणून.

इस्पितळात जायला निघताना इंगेबोर्गनं मागच्या सीटवर खोकं ठेवलं. फोनवरच्या बाईंसाठी, चौदाही प्रकार बांधून. खिडकीतला शिक्षा भोगणारा केकही त्यात होता. परक्यांना विकतचा चालतो.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सिग्ने आल्माला घेऊन गेली तेव्हा अस्मुसची दाढी नुकतीच झाली होती. वस्तऱ्यानंच. त्यानं नातीला उचलून घेतलं, तिनं त्याच्या हनुवटीवरचा कागद ओढला, आणि तिच्या पांढऱ्या लाळेऱ्यावर टपकन लाल थेंब पडला.

बोदिलच्या हातातली किटली थांबली. चेहरा पांढरा पडला. तिनं थेंबाकडे पाहिलं, सिग्नेकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला.

"गार पाण्यात टाक," ती म्हणाली. "गरम नको. डाग बसतो."

"टाकते," सिग्ने म्हणाली. पण उठली नाही. पांढऱ्यावरचा तो लाल ठिपका तिला अजून थोडा वेळ बघायचा होता.